गोव्यात सुगंधी हेलिओट्रोप : लागवड आणि निगा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेलिओट्रोपविषयी गोव्यात जे प्रश्न विचारले जातात, त्यांतले बहुतेक एकाच प्रश्नाची वेगवेगळी रूपे असतात: माघात एवढे बहरलेले रोप आषाढात का मेले? फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी मी हे झाड काही वर्षे वाढवतो आहे आणि पहिली दोन रोपे मीही याच प्रकारे गमावली. त्यामुळे पुढील उत्तरांत पावसाळ्याचा भाग इतरांपेक्षा मोठा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

हेलिओट्रोप म्हणजे नेमके कोणते झाड?

बागेत वासासाठी लावतात त्या झाडाचे शास्त्रीय नाव हेलिओट्रोपियम आर्बोरेसेन्स असे आहे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील पेरू आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशांतले. अठराव्या शतकात जोसेफ द ज्यूस्यू हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १७३५ साली निघालेल्या मोहिमेबरोबर त्या भागात गेले होते. त्यांनी पाठवलेल्या बियांपासून ते पॅरिसच्या राजोद्यानात रुजले आणि तेथून युरोपभर पसरले. पाने गर्द हिरवी, सुरकुतलेली आणि बारीक लवेने खरखरीत लागणारी असतात. फुले जेमतेम काही मिलिमीटरची, पाच पाकळ्यांची. पण ती दाटीने एकत्र येऊन तळहाताएवढा घोस होतो. रंग जांभळा, फिका जांभळा किंवा पांढरा. घोसाची प्रत्येक शाखा कोवळेपणी टोकाला आत वळलेली असते आणि फुले उमलत जातील तशी ती सरळ होत जाते.

नावाचा अर्थ ग्रीक भाषेत 'सूर्याकडे वळणारे' असा आहे, परंतु हे झाड प्रत्यक्षात सूर्याबरोबर फिरत नाही. कुंडीची एकच बाजू उजेडाकडे राहिली तर झाड त्या बाजूला झुकते, ते कोणतेही झाड झुकेल तसेच. म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी थोडी फिरवून ठेवावी.

वास कसा असतो? मोगऱ्यासारखा की जाईसारखा?

दोन्हींसारखा नाही. व्हॅनिला आणि बदामाचा अर्क एकत्र केल्यासारखा, मिठाईच्या जवळ जाणारा, किंचित पावडरी वास असतो. इंग्लंडमध्ये या झाडाला चेरीच्या गोड पदार्थाचे नाव पडले ते याच कारणाने. मोगऱ्याचा वास अंगणभर पसरतो, हेलिओट्रोपचा वास मात्र हातभर अंतरावर गोळा होऊन राहतो. त्यामुळे ही कुंडी परसात कोपऱ्यात ठेवण्यात अर्थ नाही. बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, सोप्याशेजारी (बैठकीशेजारी) किंवा माणूस सकाळी चहाचा पेला घेऊन बसतो त्या खिडकीत ती असावी.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात 'हेलिओट्रोपिन' नावाने ओळखला जाणारा पदार्थ, म्हणजे पिपरोनाल, १८६९ साली प्रथम मिळवला गेला तो या फुलापासून नव्हे, तर मिऱ्यातल्या पिपरीन या तिखट द्रव्यापासून तयार होणाऱ्या आम्लापासून. त्याचा वास या फुलाच्या वासाशी इतका जुळतो की नाव फुलाचे मिळाले. आपल्या कुळागरात पोफळीवर चढलेल्या मिरवेलीच्या दाण्यांत या सुगंधाचा एक धागा दडलेला आहे, हे मला दर हंगामात नव्याने नवल वाटते.

गोव्याच्या हवेत हे झाड होते का?

होते, परंतु ते बारमाही सोबती म्हणून नव्हे, तर हिवाळ्याचा पाहुणा म्हणून वाढवावे लागते. हे का, ते नीट समजून घेतले तर पुढची सर्व निगा आपोआप समजते.

दक्षिण अमेरिकेतून आलेली झाडे आपल्याला नवी नाहीत. काजू ब्राझीलच्या उष्ण किनारपट्टीतला, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेला. आज तो नसलेल्या गोव्याची कल्पनाही करता येत नाही. अननसही त्याच खंडातला. हेलिओट्रोपही त्याच खंडातले, तर मग त्यालाही गोवा का मानवू नये, असे पुष्कळांना वाटते. पण काजूचे घर समुद्राकाठची गरम, वाळूची जमीन आहे आणि हेलिओट्रोपचे घर अँडीजच्या उतारांवर, जेथे दिवस उबदार आणि रात्री गार असतात. त्याला दहा ते पंचवीस अंश सेल्सिअसची हवा मनापासून आवडते. दंव त्याला मारते, म्हणून थंड देशांतली पुस्तके थंडीपासून जपण्याचे उपाय सांगतात. ते उपाय आपल्याला निरुपयोगी आहेत. गोव्यात दंव पडत नाही. येथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि हवेतला दमटपणा त्याच्या मागेपुढेही सुटत नाही. आपला शत्रू ओल आहे. त्याच्या खालोखाल चैत्र-वैशाखातली दुपार.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस मात्र या झाडाला खरोखरच मानवतात. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत रात्री किनाऱ्यापेक्षा गार असतात आणि तेथे फुलांचे घोस अधिक भरदार येतात असा अनुभव आहे. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्याचा थेट मारा चुकवावा आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खारट होत असेल तर ते या झाडाला घालू नये.

लागवड कधी करावी?

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली आणि पावसाचा जोर ओसरला की बी पेरावे. फार तर दसऱ्यापर्यंत. पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत बारा ते सोळा आठवडे लागतात, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस पेरलेले रोप जानेवारीत फुलते आणि शिगम्यापर्यंत फुलत राहते. दिवाळीनंतर पेरले तर रोप फुलायच्या वयात येईपर्यंत ऊन तापू लागते आणि केलेले कष्ट अर्धे वाया जातात.

बी पेरावे की फांदी लावावी?

पहिल्या वर्षी बहुधा बीच पेरावे लागते, कारण हे झाड आपल्याकडच्या रोपवाटिकांत क्वचितच दिसते. बी फार बारीक असते. ओलसर, चाळलेल्या मिश्रणावर ते पसरावे, बोटाने हलके दाबावे आणि वर मातीचा जाड थर देऊ नये. वीस ते चोवीस अंशांच्या हवेत उगवण होते, पण ती एकसारखी होत नाही. काही दाणे दहा दिवसांत वर येतात, तर काही चार आठवडे घेतात. दोन आठवड्यांनी ट्रे रिकामा करून टाकण्याची घाई करू नये. पाणी वरून ओतण्याऐवजी ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवावा, म्हणजे बी वाहून एका कडेला जमत नाही.

बियांची एक अडचण आहे, आणि ती महत्त्वाची आहे. बियांपासून झालेल्या रोपांत वासाची खात्री नसते. एकाच पाकिटातल्या सहा रोपांपैकी दोन मनसोक्त घमघमतात, तिघांना जेमतेम वास असतो आणि एखाद्याला जवळजवळ नसतोच. म्हणून पहिल्या हंगामात प्रत्येक रोपाचा वास घेऊन सर्वांत चांगल्या रोपाला दोरा बांधून ठेवावा आणि पुढच्या सर्व पिढ्या त्याच्याच फांद्यांपासून कराव्यात. फांदीपासून झालेले रोप आईसारखेच निपजते.

फांदी न फुललेली, कोवळी पण लुसलुशीत नसलेली अशी आठ ते दहा सेंटिमीटर लांबीची घ्यावी. पेराच्या लगेच खाली धारदार चाकूने काप द्यावा, खालची पाने काढून टाकावीत आणि मोठी पाने राहिलीच तर ती अर्धी कापावीत. निम्मी धुतलेली वाळू आणि निम्मा नारळाच्या सोडणांचा (काथ्याच्या सालींचा) भुसा एवढे मिश्रण पुरेसे आहे. तीन ते चार आठवड्यांत मुळे धरतात. आपल्याकडे पुष्कळजण वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधतात, तसे करू नये. लवेच्या पानांवर पाणी साठून ती दोन दिवसांत कुजतात. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवून सकाळी हलका फवारा मारणे एवढे बस होते.

कोणती जात निवडावी?

'मरीन' ही जात बियांतून सर्वांत सहज मिळते. घोस मोठे, रंग गडद जांभळा, उंची साधारण दीड फूट, पण वासाच्या बाबतीत ती बेभरवशाची आहे. 'मिनी मरीन' तिच्याहून ठेंगणी. 'चॅट्सवर्थ' ही फांद्यांपासून वाढवली जाणारी जुनी जात वासासाठी नावाजलेली आहे आणि 'व्हाइट लेडी' पांढरी असते. रंगासाठी लावणार असाल तर 'मरीन' घ्यावी. मला स्वतःला फिक्या रंगाचे, वासाचे रोप अधिक प्रिय आहे, कारण गडद जांभळ्या फुलांची इतर झाडे आपल्याकडे पुष्कळ आहेत, हा वास मात्र दुसऱ्या कशातही मिळत नाही.

माती आणि कुंडी कशी असावी?

जमिनीत लावूच नये. पावसाळ्यात उचलून आत नेता आले पाहिजे, एवढे एकच कारण पुरेसे आहे. आठ ते दहा इंची मातीची कुंडी उत्तम. तिच्या भिंतींतून ओल बाहेर पडते आणि मुळे गार राहतात. प्लास्टिकची कुंडी वापरायची झाली तर खालची भोके वाढवून घ्यावीत.

आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते आणि एकटी वापरली तर कुंडीत घट्ट बसते. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नदीची जाड वाळू आणि एक भाग सोडणांचा भुसा असे मिश्रण मी वापरतो. भुसा ताजा असेल तर तो दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून पिळून घ्यावा, कारण त्यात क्षार आणि तांबूस कस असतो. आम्लता थोडी कमी करण्यासाठी कुंडीमागे मूठभर चाळलेली लाकडाची राख मिसळावी. त्याहून अधिक राख घालण्याचा मोह टाळावा.

ऊन आणि पाणी किती द्यावे?

डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा तासांचे ऊन हवे, तेही शक्यतो सकाळचे. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी बारानंतर सावली द्यावी. घराची पूर्वेकडची बाजू यासाठी सर्वांत योग्य. सावली फार झाली तर देठ लांबतात आणि फुले विरळ होतात.

पाण्याच्या बाबतीत हे झाड हळवे आहे. माती पूर्ण सुकली की पानांच्या कडा काळ्या पडून कुरकुरीत होतात आणि ती पाने पुन्हा सुधारत नाहीत. उलट कुंडी सतत चिंब राहिली तर मुळे कुजतात. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे. पाणी सकाळी, बुंध्याशी घालावे, पानांवर नव्हे. दुपारी पाने मलूल दिसली आणि माती ओली असेल तर काहीही करू नये. संध्याकाळी ती आपोआप ताठ होतात. त्या वेळी घाबरून घातलेल्या पाण्यानेच जास्त रोपे मरतात.

शेंडा खुडणे आवश्यक आहे का? खत कोणते द्यावे?

रोप चार-पाच इंचांचे झाले की शेंडा खुडावा, आणि फुटलेल्या फांद्या तेवढ्याच झाल्या की त्यांचेही शेंडे एकदा खुडावेत. फुले दोन आठवडे उशिरा येतात, पण एका घोसाऐवजी सहा-सात मिळतात. सुकलेले घोस खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापत राहावे. खतासाठी शेणाची पातळ, निवळलेली स्लरी दर पंधरा दिवसांनी पुरे. युरियासारखे नत्राचे खत दिल्यास झाड पानांनी भरते आणि फुलायचे विसरते.

पावसाळ्यात रोप कसे वाचवावे?

पहिली तयारी पावसाळ्यात नव्हे, तर फेब्रुवारीत करायची असते. झाड बहरात असतानाच, न फुललेल्या बाजूच्या फांद्यांपासून चार-पाच नवी रोपे करून घ्यावीत. जुन्या, लाकूड झालेल्या झाडापेक्षा ही लहान रोपे पावसाळा अधिक सहज काढतात, आणि मोठे झाड गेलेच तरी वासाचा वंश हातात राहतो. एवढे एक काम केले तर पुढची निम्मी चिंता मिटते.

मार्चच्या अखेरीस, बहर संपल्यावर, मोठ्या झाडाची एक तृतीयांश छाटणी करावी. मुळापाशी, जुन्या लाकडापर्यंत छाटू नये, कारण तेथून नवी पालवी फुटेलच असे नाही. एप्रिल-मे मध्ये कुंड्या झाडाच्या विरळ सावलीत ठेवाव्यात. फुले येणार नाहीत आणि आली तरी खुजी येतील. त्या काळात खत बंद ठेवावे.

मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या दिवसांत, कुंड्या छपराखाली न्याव्यात. येथे एक चूक सर्रास होते आणि मी ती केली आहे: कुंडी पागोळ्यांच्या रेषेच्या जरा आत ठेवली की काम झाले असे वाटते. वाऱ्याबरोबर येणारी झड पडवीत तीन-चार फूट आत येते, लवेची पाने रात्रभर ओली राहतात आणि आठवड्याभरात त्यांवर करडी बुरशी चढते. झड पोहोचणार नाही इतके आत, पण उजेड पुरेसा असेल अशी जागा शोधावी. पुष्कळ घरांत अशी जागा पडवीत नसते, ती पूर्वेच्या खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर असते. गच्चीवर पारदर्शक पत्र्यांचे छप्पर असेल तर त्याखाली फार उत्तम, मात्र बाजू उघड्या हव्यात.

कुंड्या भिंतीला चिकटवून ठेवू नयेत आणि एकमेकींपासून हातभर दूर ठेवाव्यात. खाली विटांचे किंवा चिऱ्याचे तुकडे देऊन त्या जमिनीपासून उचलाव्यात. पाणी आठवड्यातून एक-दोनदा, तेही माती कोरडी झाल्याची खात्री करूनच. पिवळे किंवा काळे पान दिसताच काढावे. खाली पडलेले पान मातीवर राहू देऊ नये, कारण बुरशी तेथूनच वर चढते. श्रावणात ऊन पडले की तासभर कुंड्या बाहेर काढाव्यात, पण नजर आभाळाकडे ठेवून.

चवथीनंतर रोपांत नवी पालवी दिसली की वरची दोन इंच माती बदलावी, शेणखत द्यावे आणि हळूहळू उन्हाची सवय करावी. एकदम उन्हात काढल्यास पाने भाजतात.

पाने पिवळी पडतात, चिकट होतात किंवा जाळी दिसते. काय करावे?

खालची पाने पिवळी आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झाले आहे. पाने चिकट झाली असतील तर उलटून पाहावे. मावा किंवा पांढरी माशी असेल. कोरड्या हवेत बारीक ठिपके आणि जाळी दिसली तर लाल कोळी आहे. सुरुवातीला पानांची खालची बाजू ओल्या कापडाने पुसून काढणे पुरते. त्यानंतरही कीड राहिली तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. आधी एकाच फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. पावसाळ्यात हा फवारा टाळावा; तेव्हा पाने कोरडी राहणे हेच औषध.

वईवर (कुंपणावर) उगवणारी भुरुंडी म्हणजे हेच झाड का?

नाही, पण ती याच कुळातली जवळची नातलग आहे. भुरुंडी, म्हणजे हेलिओट्रोपियम इंडिकम, शेताच्या बांधावर, ओसाड जागी आपोआप उगवते. तिचा तुरा हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला असतो, म्हणून संस्कृतात तिला हस्तिशुंडी म्हणतात. तिला बागेतल्या हेलिओट्रोपचा वास नाही. तरीही ती सरसकट उपटून टाकू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो अशा फुलपाखरांचे नर तिच्यावर, विशेषतः तिच्या सुकलेल्या भागांवर, गोळा होतात. तिच्यातली अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी विषारी द्रव्ये, ते शोषून घेतात, त्यांपासून मादीला आकर्षित करणारे गंधद्रव्य तयार करतात आणि भक्षकांपासून स्वतःचा बचावही करतात. परसाच्या एका कोपऱ्यात भुरुंडीची दोन झाडे राहू दिली तर पावसाळ्यानंतर तेथे दिसणारे दृश्य कोणत्याही फुलबागेपेक्षा कमी नसते.

हे झाड विषारी आहे का?

आहे, आणि याबाबत कोणीही ढिलाई करू नये. पाने, फुले, बी, सर्व भागांत पायरोलिझिडीन गटातली अल्कलॉइडे असतात. ती पोटात गेल्यास यकृताला इजा करतात. ही इजा वारंवार थोडेथोडे खाण्यानेही होते आणि लगेच दिसून येत नाही, हे तिचे मोठे संकट. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानात गव्हात हेलिओट्रोपच्या एका रानटी जातीचे बी मिसळले गेले आणि पुष्कळ माणसे यकृताच्या विकाराने आजारी पडली. त्याच दशकात आपल्या देशात सरगुजा भागात धान्यात क्रोटालारिया नावाच्या रानटी शेंगवर्गीय झाडाचे बी मिसळून असाच प्रकार घडला, आणि त्यामागेही याच गटातली द्रव्ये होती.

म्हणून वास मिठाईसारखा असला तरी फूल केकवर, सरबतात किंवा चहात घालू नये. छाटलेल्या फांद्या गाईच्या गोठ्यात किंवा बकऱ्यांसमोर टाकू नयेत. त्या खड्ड्यात पुराव्यात. घरात रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. भुरुंडीचा पाला औषध म्हणून पोटात घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. लवेमुळे काहींच्या हातांना खाज सुटते. छाटताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत.

फुले केसांत माळता येतात का? देवाला वाहता येतात का?

म्हार्दोळला श्री म्हालसेच्या देवळात जायांची पूजा होते आणि फाल्गुनात सुरंगीचे वळेसर विकायला येतात, त्या प्रांतात हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. पण हेलिओट्रोपची फुले सुटी काढली की तासाभरात मलूल होतात आणि गुंफण्याइतका देठ त्यांना नसतो. पूर्ण घोस देठासकट कापून पाण्यात ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकतो. देव्हाऱ्यात ठेवण्यास माझी हरकत नाही. मात्र तीर्थात किंवा प्रसादाच्या ताटात त्याची पाकळी पडता कामा नये. माळण्यासाठी जाई, सुरंगी, अबोली आपल्याकडे आहेतच.

एक झाड किती वर्षे टिकते?

थंड हवेच्या ठिकाणी ते अनेक वर्षे जगते आणि त्याचे छोटे झुडूप होते. गोव्यात एकच कुंडी दोन किंवा तीन हिवाळे नीट फुलते, त्यानंतर बुंधा लाकडी होऊन खालचा भाग उघडा पडतो आणि घोस लहान होतात. आमच्याकडे आज जे रोप आहे ते दोरा बांधलेल्या पहिल्या रोपाच्या फांदीची फांदी आहे. दर फेब्रुवारीत नवी चार रोपे होतात, त्यांतली दोन पावसाळा काढतात आणि एक शेजारी जाते.